बैलजोडीखालचा गुरुवार

कंधार,
८ डिसेंबर २०२४

मनू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे. ती आवरली. माझे आशीर्वाद तुला नको असतील, हे मला कळतं.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. तू शिकवतेस त्या चित्रकलेच्या कॉलेजचा पत्ता सुदर्शनने दिला. सुदर्शन आठवतो ना? इंटरमीजिएटच्या परीक्षेआधी आईकडे स्थिरचित्र शिकायला यायचा आणि स्थिरचित्रासाठी मांडलेली केळी खाऊन टाकायचा, तो. आता नांदेडला त्याची स्वतःची चित्रशाळा आहे. वरच्या मजल्यावर त्याने एक हॉल काढलाय, पांढऱ्या भिंती, बऱ्यापैकी दिवे. अकरा जानेवारीपासून आठ दिवस तिथे आईच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आहे. वर्षश्राद्ध मी गेल्या महिन्यात केलं. पण तिला श्राद्धापेक्षा हेच बरं वाटलं असतं.

लातूरच्या घरातली चित्रं एकत्र केली. चाळीस निघाली. माळ्यावर, पलंगाखाली, कपाटामागे, सगळी तिच्या जुन्या साड्यांत गुंडाळलेली. मागे तिच्या अक्षरात नावं. ‘सोमवार, चौथा तास’. ‘बुधवार, दुसरा तास’. ‘शनिवार, सकाळची शाळा’. शाळेत चित्रकलेच्या तासाला मुली माना खाली घालून चित्र काढत असायच्या तेव्हा ही आपल्या छोट्या वहीत काहीतरी टिपून ठेवायची आणि घरी येऊन मांजरपाटावर तेच रंगवायची. तेच म्हणजे काय, ते मला कधी कळलं नाही. राखाडी, पिवळट, मातकट रंगांचे थर, आणि कडेला कुठेतरी एक बारीक निळी रेघ. शेजारच्या साखराबाई म्हणायच्या, “सिंधुताई, माझ्या न्हाणीच्या भितीला वल आली की अस्संच दिसतंय बगा. मी फुकटात बघते.” आई इतकी हसली होती की दुसऱ्या दिवशी जाऊन ती ओल बघून आली. म्हणाली, खरंच चांगली आहे.

सुदर्शनने तुला माहितीपत्रकासाठी दोन पानं लिहायला सांगितली होती, आणि उद्घाटनाला यायला. तू जे उत्तर पाठवलंस ते त्याने मला वाचून दाखवलं. ‘ज्या बाईने मुलाच्या नोकरीसाठी स्वतःच्याच चित्रावर बैल काढून दिले, तिच्याबद्दल मी काय लिहिणार?’

मनू, पंधरा वर्षं झाली. २००९च्या जूनमध्ये आम्ही ते चित्र बसलिंगप्पा आप्पांना दिलं. ते अण्णांचे सोबती होते, आणि माझी मुलाखत झाली त्या संस्थेचे अध्यक्षही. हे मी नाकारत नाही. तू दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याहून आलीस, कंधारला आमच्या शाळेच्या नव्या इमारतीत भिंतीवर ते पाहिलंस आणि सगळ्यांसमोर आईला विचारलंस, “हे तू केलंस?” आई हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

झालं ते झालं. त्या वेळी परिस्थिती तशी होती. अण्णा नुकतेच गेले होते, मी अठ्ठावीस वर्षांचा, घरी बसून. आईला त्याबद्दल आता किती दिवस धरून ठेवायचं? तिची माणसं तिच्या प्रदर्शनाला नसली तर लोक काय म्हणतील, ते सोड, तिलाच कसं वाटेल?

दोन पानं लिही. नाही जमलं तर एक.

श्रीपाद


कंधार,
१५ डिसेंबर

मनू,

तुझी एक ओळ सुदर्शनच्या फोनवर आली. त्याने ती मला पुढे पाठवली तेव्हा मी नववी ब वर होतो, फळ्यावर गोदावरीचं खोरं काढत. ‘परिस्थिती तशी होती म्हणजे कशी? आणि कुणाची?’

एका पोराने विचारलं, “सर, नदी थांबली का?” खडू तिथेच टेकून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

ते बैल आईने काढले नाहीत.

हे वाक्य लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आता पुढचं लिहितो.

चित्र फ्रेम करायला म्हणून मी लातूरला मल्लिनाथ पेंटरकडे दिलं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, गंजगोलाईच्या मागे त्याचं दुकान होतं. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “सर, लई मोकळं मोकळं वाटायलंय हे. कायतरी टाकू का?” मी घाईत होतो. हं म्हणालो असेन. घ्यायला गेलो तर त्यावर बैलजोडी, मागे उगवता सूर्य, आणि खाली पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक अक्षरात ‘सप्रेम भेट : शिरूरकर परिवार, लातूर’. घड्याळावर लिहितात तसं. आपल्याकडे वस्तू देताना नाव घालतातच. त्यालाही त्यात वावगं वाटलं नसणार.

बदलायला वेळ नव्हता. तसंच कागदात गुंडाळून कंधारला नेलं. आप्पांच्या बैठकीत कागद सोडला तेव्हा आईने ते पाहिलं. चारचौघांत वाद नको म्हणून तिने सांभाळून घेतलं, आणि नंतर तुझ्यासमोरही तेच केलं.

म्हणजे चूक झाली ती मल्लिनाथची आणि माझ्या घाईची. आईची नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तुम्हा दोघींत मी पडलो तर आणखी बिघडेल असं वाटलं.

आता तरी येशील का?

श्रीपाद


लातूर,
२२ डिसेंबर

मनू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सगळं नाही. जेवढं सोयीचं होतं तेवढं.

काल प्रदर्शनाचा बॅनर करून घ्यायला मल्लिनाथकडेच गेलो. नांदेडला काय बॅनर होत नाहीत? होतात. पण तुला लिहून टाकल्यापासून त्याचं नाव मला टोचत होतं. त्याचं आता फ्लेक्सचं दुकान आहे. ब्रश सुटला, गुडघे गेलेत, मुलगा मशीन चालवतो. मी आईचं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

“ताई गेल्या व्हय? मला कुणी सांगितलं न्हाई, सर. मी आलो असतो की.”

मग चहा सांगितला आणि स्वतःहून म्हणाला, “ते बैल अजून हायत का?”

मी म्हटलं, आहेत.

“तुमी चिठ्ठी दिली होती मला. बैलजोडी, सूर्य, सप्रेम भेट. मी न्हाई म्हणलो होतो. ताईंच्या चित्रावर माझा ब्रश कसा काय चालवू? तवा तुमी म्हणलात, आईनंच सांगितलंय.”

मुलगा मशीनपाशी बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण मशीन बंद केलं.

म्हणजे, मनू, मल्लिनाथने काही सुचवलं नव्हतं. तो नाही म्हणाला होता. चिठ्ठी माझी होती, आणि आईचं नाव मी पुढे केलं होतं.

यापुढचं मला काल पहिल्यांदा कळलं. आई तिसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेली होती. फ्रेमची पट्टी कशी लावतो ते बघायला, एकटी, भर दुपारी. बैल ओले होते. मल्लिनाथ सांगत होता, “ताई दारातच थांबल्या. मला वाटलं ऊन लागलं. स्टूल दिलं. दहा मिन्टं नुसत्या बघत बसल्या. मग म्हणल्या, श्रीपादनं सांगितलं? मी म्हणलो, तुमीच सांगितलं म्हणले सर. तर ताई जरा थांबल्या, आन् म्हणल्या, हाव, मीच सांगितलं.”

त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. त्याने रॉकेलचा बोळा हातात घेतला. “ताई, वल्लं हाय अजून. पाच मिन्टांत पुसून देतो, खालच्याला धक्का न्हाई लागायचा.”

आई म्हणाली, “राहू द्या. त्याच्या नोकरीचं ठरायचं आहे.”

आणि मग म्हणाली, “पण मल्लिनाथ, हा बैल उभा कुठं आहे? मागचा पाय जमिनीला टेकेना.”

त्याने ब्रश तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. तुला माहीत आहे, ती कुठल्याच मुलीच्या कागदाला हात लावायची नाही. चुकलं तर शेजारी दुसऱ्या कागदावर काढून दाखवायची. पहिलीतल्या पोरीच्या कागदालाही नाही. तिने मल्लिनाथला सांगितलं, “आता हे चित्र तुमचं आहे, मी हात लावणार नाही.” आणि खाली बसून दुकानाच्या फरशीवर खडूने बैलाचा मागचा पाय काढला. खूर, गुडघा, वजन कुठे पडतं ते. “असा काढा.” त्याने तसा काढला.

“सर, त्याच्या आदी माझे समदे बैल तरंगायचे. पोळ्याच्या पाट्यांवरचे बगा पायजे तर.” तो हसला, मग त्याला माझ्याकडे बघून हसू आवरावं लागलं. “कुणाला सांगू नका म्हणल्या व्हत्या. आता त्याच न्हाईत, म्हणून सांगितलं.”

‘हे तू केलंस?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तिने त्या चित्राला बोटसुद्धा लावलं नाही.

राहिलं ते आणखी वाईट आहे. तेही आजच लिहितो, नाहीतर पुन्हा आठवडाभर सोयीचं काहीतरी सुचेल.

बैल कोणी मागितलेच नव्हते. अण्णा गेल्यावर आप्पा सांत्वनाला आले होते. तू परत गेली होतीस. हे चित्र, ‘गुरुवार, तिसरा तास’, तेव्हा आपल्या बैठकीत भिंतीला टेकवलेलं होतं. आप्पा खुर्चीवर बसले आणि बोलता बोलता थांबले. म्हणाले, “ताई, ह्यात काय हाय ते मला कळंना. पर बघितलं की आत थंड वाटतंय.” आई म्हणाली, घेऊन जा. आप्पा म्हणाले, “आज न्हाई. अशा दिवशी काय न्यायचं. शाळेची इमारत होऊ द्या, मग मागून घेतो.” मी समोरच बसलो होतो. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, हे शिष्टाचाराचं बोलणं. चार एकर ऊस असलेला माणूस, ऑफिसात देवांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो, त्याला हे मातकट थर कसे आवडतील? उद्या भिंतीवर लावलं आणि कोणी विचारलं, हे काय आहे, तर आमचं हसं होईल. नोकरीचं ठरवताना तेच त्यांना आठवेल. मला आईच्या चित्रांची लाज वाटायची, मनू. हे मी कधी कोणाला बोललो नाही. मुलगी बघायला जायचो तेव्हा लोक विचारायचे, आई काय करते, तर मी ‘शिक्षिका’ म्हणून थांबायचो.

त्यांच्या बैठकीत कागद सोडला तेव्हा आप्पा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “ताई, हे तेच का?” आई म्हणाली, “हो, तेच.” त्यांनी ते आपल्या खोलीत लावलं नाही. नव्या इमारतीत, कारकुनांच्या खोलीत लावलं.

आणि चार वर्षांपूर्वी पर्यवेक्षक झाल्यावर जुन्या फायली माझ्या हाताखालून गेल्या. निवड यादीवर सहा जून तारीख आहे. चित्र आम्ही चौदा जूनला दिलं. माझं नाव यादीत आधीच होतं, दुसऱ्या नंबरावर. फाईल मी बांधून जागेवर ठेवली.

येऊ नको म्हणालीस तर समजेन.

श्रीपाद


नांदेड,
१३ जानेवारी २०२५

मनू,

उत्तर नाही, तरी लिहितो. उद्घाटन झालं. काय घडलं ते सुदर्शन सांगेलच. पण त्याचा स्वभाव झाकण्याचा आहे, म्हणून मीच सांगतो.

‘गुरुवार’ लावायचं की नाही, यावर आमचं बरंच चाललं. सुदर्शन म्हणाला, “दादा, ते एक राहू द्या. चाळीस पुष्कळ झाली.” मलाही तेच हवं होतं, म्हणूनच मी त्याचं ऐकलं नाही. संस्थेकडून रीतसर पत्र देऊन चित्र आणलं. खाली लावायची पाटी मी लिहिली. पहिली लिहिली ती अशी : ‘नंतर काही भर घातलेली’. कोणी घातली, नाही लिहिलं. सुदर्शनने वाचली आणि मला पेन परत दिलं. दुसरी लिहिली :

‘मूळ चित्र : सिंधु शिरूरकर, “गुरुवार, तिसरा तास”, १९९४. वरची बैलजोडी, सूर्य व अक्षरे : मुलगा श्रीपाद याने दुसऱ्याकडून काढून घेतली, २००९. चित्रकर्तीला विचारले नव्हते.’

घरच्यांचं मनोगत म्हणून मला पाच मिनिटं होती. पुढच्या रांगेत संस्थेचे सचिव दयानंदराव, आमचे मुख्याध्यापक, शाळेतले नऊ-दहा जण. जूनमध्ये मुख्याध्यापकपदाची जागा मोकळी होते आहे, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत. मी पाटीवरचंच बोललो. चिठ्ठी, मल्लिनाथला सांगितलेलं खोटं, यादीची तारीखही. बोलून थांबलो. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, सवयीने, आणि सगळ्यांनी वाजवली.

चहाच्या वेळी दयानंदराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शिरूरकर सर, एवढं मनाला लावून घेऊ नका हो. बैल चांगले हायत की! आपल्या ऑफिसला शोभा होती त्याची. कवा परत देताय?” मुख्याध्यापक म्हणाले, भाषण मोठ्या मनाचं झालं. आरतीच्या माहेरच्या एका बाईंनी तर त्या चित्रापुढे फोटो काढून घेतला. एक्केचाळीस चित्रांत कळण्यासारखं तेवढंच आहे, असं म्हणाल्या.

शिक्षा व्हावी म्हणून गेलो होतो, मनू. सामोसा मिळाला.

पण दुपारनंतर वेगळं सुरू झालं, आणि ते तू पाहायला हवं होतंस. आईच्या शाळेतल्या मुली यायला लागल्या. मुली म्हणजे चाळीस-पन्नासच्या बायका. सुदर्शनने माहितीपत्रकात चित्रांच्या नावांचं कारण लिहिलं होतं आणि ते कोणीतरी जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर टाकलं. लातूर, रेणापूर, उदगीर, कुठून कुठून आल्या. आणि जी ती चित्र बघायच्या आधी मागच्या नावाची चौकशी करायची. “आमचा चित्रकलेचा तास सोमवारी चौथा असायचा. तो आहे का?” ‘सोमवार, चौथा तास’ सापडलं की त्याच्यापुढे उभ्या राहायच्या. एक म्हणाली, “खिडकीतून अस्सं ऊन यायचं. इथं माझा बाक.” आणि त्या पिवळट थरावर, हात न लावता, बोटाने जागा दाखवली. दुसरी म्हणाली, “तुझा बाक तिथं नव्हता, तिथं मी बसायची.” त्या दोघी त्या रिकाम्या पिवळ्या जागेवरून भांडल्या. मी तिथे उभा होतो. चाळीस वर्षं ज्या घरात ही चित्रं होती त्या घरातल्या मला त्यात काही दिसलं नव्हतं, आणि या बायका त्यात बाक मोजत होत्या.

पाच वाजता एक बाई आल्या. शिल्पा नाव, शिरूर अनंतपाळहून बसने, सोबत कॉलेजातली मुलगी. आल्या आल्या म्हणाल्या, “आमचा गुरुवारचा तिसरा. सातवी ब.”

सुदर्शनने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना घेऊन गेलो.

त्या चित्र बघत राहिल्या. सूर्य, बैल, सप्रेम भेट. मुलीने पाटी वाचली. आईच्या कानात काहीतरी सांगायला गेली, पण त्या ऐकत नव्हत्या. जवळ गेल्या, बैलाच्या पोटाखाली थोडी मोकळी जागा आहे तिथे वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

“सर, आमच्या तासाला बैल नव्हते हो,” त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही. चुकीच्या वर्गात आल्यासारख्या.

मी सांगितलं, मीच तो श्रीपाद.

त्यांनी वाकून पाटी वाचली. मुलीचा हात धरला, पुन्हा एकदा बैलांच्या कडेकडेने जेवढं दिसतं तेवढं पाहिलं, आणि सहाची बस गाठायची म्हणून गेल्या. एवढ्या लांबून आलेल्या बाईंना मी पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी मला वाटायचं, मी आईचं चित्र बिघडवलं. ते एका वर्गाचंही होतं, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं.

श्रीपाद


लातूर,
१९ जानेवारी

मनू,

परवा तुझा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, म्हणून सहज उचलला. फोनवरचा तुझा आवाज पंधरा वर्षांत जाड झालाय. अण्णांसारखा.

पाटीचा फोटो सुदर्शनने तुला पाठवला होता हे तू सांगितलंस. चित्राबद्दल, बैलांबद्दल एक शब्द नाही. तू एवढंच विचारलंस, “आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का?”

मी म्हणालो, “नाही. बोलायच्या स्थितीत नव्हती.”

तू “बरं” म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तेही खोटं होतं. भर हॉलमध्ये सगळं बोलून आठवडा झाला नव्हता आणि जिभेवर तेच आलं. मला वाटलं होतं, एकदा बोललं की सवय सुटेल. तसं होत नाही. म्हणून आज प्रदर्शन उतरवायला सुदर्शनला एकटं सोडून इथे घरी येऊन बसलोय. हे लिहून झाल्याशिवाय उठणार नाही.

ती जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. हॉस्पिटलात दुपारची वेळ होती. आरती डबा आणायला गेली होती. आई स्वच्छ बोलत होती, अगदी वर्गात बोलायची तशी. म्हणाली, “मनूला ते बैलांचं सांगायचं राहिलं.”

मी म्हणालो, “फोन लावू का आत्ता?” मनात म्हणत होतो, नाही म्हण.

ती म्हणाली, “आत्ता नको. आत्ता सांगितलंस तर ती माझ्याकडे येईल. माझ्या उशाशी बसेल, रडेल, माझी समजूत काढेल. आणि तुझं तोंड पुन्हा बघायची नाही. मी गेल्यावर सांग. मग भांडायला तिला तू एकटाच राहशील. भांडायला का होईना, घरी येईल. तुम्ही दोघंच आहात आता.”

मी विचारलं, “आणि तुला? तुला ती यायला नको?”

ती भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, “पाहिजे की.” मग म्हणाली, “पण तू सांग हं, श्रीपाद. विसरू नको.”

मी हो म्हणालो. तिचा हात हातात घेऊन म्हणालो.

तू आलीस तेव्हा ती नव्हती. तिसऱ्या दिवशी, अस्थी आणल्यावर, तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आरतीला म्हणालीस, “तिने एकदा तरी मला खरं सांगायला हवं होतं.” मी दारातच उभा होतो, हातात चहाचे कप. आईने सांगितलेली वेळ तीच होती. मी कप ओट्यावर ठेवले आणि तुला विचारलं, साखर कमी तर नाही ना. तू माझ्याकडे बघितलंस आणि नाही म्हणालीस. संध्याकाळच्या गाडीने गेलीस. त्यानंतरचे चौदा महिने मी स्वतःला सांगत राहिलो की योग्य वेळ बघतोय.

तुला तिला शेवटचं भेटता यायला हवं होतं. ते तिने माझ्यासाठी सोडलं. तिचंही आणि तुझंही, तुला न विचारता. यात तिचं चुकलं का, हे तू ठरव. मला ते बोलायचा अधिकार नाही. मी एवढंच सांगू शकतो की तिला तू हवी होतीस, तिने ते माझ्यासमोर म्हटलं होतं, आणि परवा तू थेट विचारलंस तेव्हाही मी ते तुझ्यापासून लपवलं.

चित्रं उद्या टेम्पोने इथे परत येतील. ‘गुरुवार’ संस्थेला परत देणार नाही, तसं मी दयानंदरावांना लिहून कळवलं आहे. मल्लिनाथ म्हणतो, पंधरा वर्षांचा ऑइलपेंट आता रॉकेलने निघायचा नाही. तुझ्या कॉलेजात असं काम जाणणारं कोणी असेल. काढायचं की तसंच ठेवायचं, मला विचारू नको. मी लगेच काढा म्हणेन, आणि ते कोणासाठी म्हणतोय हे तुला कळेल.

यापुढे मी शनिवार-रविवार इथे असेन, बाकीचे दिवस कंधारला. कुठेही ये. आधी कळवायची गरज नाही, जेवायला थांबायचीही नाही. आवाज चढवायचा असेल तर लातूरच बरं. कंधारला आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि खाली मुख्याध्यापक आहेत. पण तिथे आलीस तरी चालेल. ऐकू देत.

श्रीपाद